आ वासलेल्या चिकटवह्या : परळच्या एका बालवाडीतलं प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परळमधल्या एका बालवाडीच्या कपाटातून २२ चिकटवह्या बाहेर काढल्या, तेव्हा त्यांतल्या ९ उघडतच नव्हत्या आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा मिटत नव्हत्या. १५ ऑगस्टला त्या पालकांना दाखवायच्या होत्या. दोन्ही बाईंचं निदान एकच होतं, पाऊस. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा करू, असं जवळजवळ ठरलंच होतं.

पावसाचा हात होता, नाही असं नाही. पण वह्या एकेक करून उसवल्यावर दिसलं की दोष मुख्यतः क्रमाचा आहे. वही आधी बांधली आणि चिकटकाम नंतर केलं, हे उलटं झालं होतं. दुसरी खेप मुद्दाम ऑगस्टमध्येच, त्याच खोलीत, तितक्याच दमट हवेत केली. ती टिकली, काही खोडी उरल्या तरी.

मुलं साडेतीन ते पाच वर्षांची. तळमजल्यावरची एक खोली, एक धड पंखा, एक कुरकुरणारा, दोन बाई आणि एक मावशी. लोखंडी कपाट ज्या भिंतीला टेकलेलं, त्याच भिंतीला ओल. गिरणगावातल्या जुन्या इमारतींत हे काही जगावेगळं नाही, त्यामुळे हेच धरून चालायला हवं होतं.

पहिली वही कशी होती

बाजारातला नेहमीचा चार्टपेपर ५६ × ७१ सेंमीचा असतो. त्याचे १४ × ३५.५ सेंमीचे ८ तुकडे केले. असे ५ तुकडे एकात एक ठेवून मधोमध घडी घातली आणि घडीवर दोन स्टेपलर पिना मारल्या. बाहेरची घडी म्हणजे मुखपृष्ठ. आडवी, सुबक वही झाली. मग मुलांच्या हातात ती बांधलेली वही दिली आणि रोज एक पान याप्रमाणे काम सुरू झालं. घोटीव कागदाचे तुकडे, क्रेप पेपरची फुलं, मसूरडाळ, बागेतून आणलेली पानं, थोडी चमकी. पांढरा गोंद (ज्याला घरोघरी सरसकट फेव्हिकॉलच म्हणतात तो) वाटीत ओतलेला आणि रंगवायचे ब्रश. दिवसाचं काम झालं की वह्या मिटून कपाटात, एकावर एक.

उसवल्यावर काय दिसलं

सगळ्यात मोठा दोष कण्यात, म्हणजे वही जिथे बांधलेली असते त्या बाजूत होता. घडीवर पिन मारलेल्या वहीच्या कण्याची जाडी ठरलेली असते, तिथे नंतर काही वाढत नाही. पानाच्या मध्यावर मात्र कागद, फूल, डाळ चढत जाते. एका पानावर २ मिमी जाडी वाढली तरी ८ पानांवर १६ मिमी होते आणि कणा तेवढाच राहतो. वही पंख्यासारखी फाकते. मुलं ती मिटवायला वरून दाबतात, तो सगळा ताण दोन पिनांवर येतो आणि पिनांपाशी कागद फाटतो. मधली घडी सहा वह्यांतून पूर्ण सुटली होती. पिनांची टोकं वर आलेली, आणि दमट हवेत त्यांच्याभोवती गंजाचे तपकिरी ठिपकेही आले होते. लहान बोटांच्या वस्तूत पिन नकोच. ती गंजली नसती तरी नको.

दुसरा दोष कागदाच्या तंतूंच्या दिशेचा. कागद कारखान्यात बनताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला झोपतात. बाइंडर लोक याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेत जास्त फुगतो, लांबीच्या दिशेत फारच थोडा. म्हणून पुस्तकाच्या पानात तंतू कण्याला समांतर हवेत. या चार्टपेपरात ते ७१ सेंमीच्या बाजूला समांतर होते. वही आडवी हवी म्हणून ३५.५ सेंमीची बाजू मधोमध दुमडली, म्हणजे घडी तंतूंना आडवी पडली. पान कण्याशी जखडलेलं आणि त्याच दिशेत फुगणारं. त्याला लाटा येणारच. घडीवरचा कागदही तडकला होता.

दिशा ओळखायला बाईंना जी युक्ती दाखवली ती दोन मिनिटांची आहे. कागदाचा ५ सेंमीचा चौकोन कापायचा, मूळ तावावर ज्या बाजूला खूण केली तीच खूण त्यावर करायची आणि एकाच बाजूने ओल्या बोटाने पुसायचा. चौकोन वळून नळी होते. नळी जिकडे लांब, तिकडे तंतू. ताव न कापताही कळतं: तो दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहावा. ज्या दिशेत सहज वाकतो त्या वाकणीच्या रेषेला तंतू समांतर असतात.

तिसरा दोष गोंदाचा आणि घाईचा. पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो आणि पाणी उडाल्यावरच धरतो. जुलैत मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा ब्रशने थापलेला थर रात्रभरातही आतून ओला असतो. वही मिटली की समोरचं पान त्याला चिकटतं. बाईंनी मध्ये वर्तमानपत्र घातलं होतं, तेही चिकटलं. तीन वह्यांत अग्रलेख वाचता येत होता. घोटीव कागद एकाच बाजूने रंगीत, चकचकीत असतो. मुलांनी त्या बाजूलाही गोंद लावला होता. तिथे तो धरत नाही आणि रंग मात्र सोडवतो. क्रेप पेपरचा रंग तर नुसत्या ओल्या बोटाने सुटतो. त्या नऊ वह्यांतल्या बहुतेकांत लाल-गुलाबी डाग क्रेपचेच होते.

डाळीत किडे झाले होते, पानांवर पांढरी बुरशी. यावर एक बाई म्हणाल्या की बालवाडीत परिसरातल्या वस्तू नकोत तर काय हवं? मुद्दा रास्त आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं यांवरच तर बालशिक्षण उभं केलं. पण त्या वस्तू हातात घेऊन मोजायच्या, लावायच्या, उद्या पुन्हा गोळा करायच्या होत्या. त्या ओल्या गोंदात बुडवून दोन पानांत कोंडायच्या नव्हत्या. दुसऱ्या खेपेला चिकटवहीत फक्त कागद, असा नियम केला. डाळ आणि पानं टोपलीत गेली.

चमकीही वगळली. घरी धाकटी भावंडं असतात, ती निघालेली प्रत्येक वस्तू तोंडात घालतात. खेळण्यांसाठीचं भारतीय मानक, आयएस ९८७३, विक्रीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. हाताने केलेल्या वहीला ते लागू नाही, पण त्यातली लहान भागांची चाचणी कुणीही वापरावी: ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत जो सुटा भाग पूर्ण बसतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नको. मणी, बटणं, टिकल्या सगळ्या त्यात बसतात.

दुसरी वही

मूळ बदल एकच: पानं सुटी द्यायची, पूर्ण वाळवायची आणि सगळ्यात शेवटी बांधायची. बाकीचे बदल त्यातूनच निघाले.

कागद साधारण २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) कार्डशीट, ताव तोच ५६ × ७१. हिची जाडी सुमारे ०.३ मिमी. ५६ सेंमीच्या बाजूचे ३ आणि ७१ च्या बाजूचे ४ भाग केले की १८.६ × १७.७ सेंमीची १२ पानं पडतात आणि वाया जवळपास काही जात नाही. कणा १७.७ च्या बाजूला, म्हणजे तंतूंना समांतर. दर मुलाला ८ पानं धरली तर २२ मुलांना १७६. १५ तावांत १८० होतात. ४ पानं शिल्लक हा फारच कंजूष हिशेब आहे, कारण पहिल्याच दिवशी कुणीतरी पानावर पाण्याची बाटली उपडी करतंच. १६ ताव घेतले. मुखपृष्ठांना पुढचं-मागचं मिळून ४४ तुकडे, प्रत्येक दुहेरी, म्हणजे ८८ पानं. त्याला ८ ताव. कण्याच्या पट्ट्यांना ३.

ताव क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणले. ५६ × ७१ चा ताव सपाट धरून लोकलमध्ये चढता येत नाही आणि गुंडाळी केली की कार्डशीट वळण सोडत नाही, पुढे दोन दिवस ती वजनाखाली ठेवावी लागते. म्हणून बाजारातच कटिंग मशीनवर कापून घेतले. गठ्ठा कापडी पिशवीत मावला, आणि कडा काटकोनात पडल्या. कात्रीने कापलेल्या पानांत दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतातच आणि बांधल्यावर ते डोळ्यांत खुपतं.

पट्टी हा या वहीचा जीव. २.५ सेंमी रुंद, १७.७ लांब. एका तावातून ८८ पडतात. प्रत्येक पानाच्या कण्याच्या बाजूला, मुलाच्या हातात पान देण्याआधीच, एक पट्टी चिकटवायची. यामुळे कण्याची जाडी वाढते. शिवाय पान कुठून बांधलं जाणार ते मुलालाही दिसतं. पट्टीच्या पुढे अर्धा सेंमी सोडून, म्हणजे काठापासून ३ सेंमीवर, फूटपट्टी आणि रिकामं बॉलपेन वापरून दाबरेघ ओढायची. २५० जीएसएमचं पान दाबरेघेशिवाय उघडं राहत नाही, ते उसळून परत मिटतं. दाबरेघेपुढची सुमारे १५.६ × १७.७ सेंमीची जागा मुलाची.

कार्डशीटची पट्टी ०.३ मिमीच जाडी देते. फाडकामाच्या सपाट पानाला ती पुरते. कागदी पंखा किंवा गुंडाळलेल्या पट्ट्या असलेल्या पानाला पुरत नाही. तिथे खोक्याच्या नागमोडी पुठ्ठ्याची, साधारण ३ मिमी जाडीची, जादा पट्टी बांधताना घालायची. किती घालायच्या हे आधी ठरवू नये. सगळी पानं एकावर एक ठेवून तळहाताने हलकं दाबावं आणि फूटपट्टीने मोजावं: कण्याची जाडी मधल्या जाडीइतकी किंवा एक-दोन मिमी जास्त हवी. कमी भरली तर पुठ्ठा वाढवायचा.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर. बाईंना मैद्याची खळ हवी होती; स्वस्त, आणि मुलाने चाटली तरी भीती नाही. खळ करायला अवघड नाही: अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत काचेसारखा झाला की गाळून घ्यायचा. पण खळीत पाणी पांढऱ्या गोंदापेक्षाही जास्त, म्हणजे लाटा जास्त. आणि वाळलेली खळ ही झुरळांची आणि कसरीची मेजवानी. बाइंडर मंडळी पूर्वीपासून खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या वस्तूत ते कदापि घालू नये आणि न घातलेली खळ मुंबईतल्या कपाटात पावसाळा काढत नाही. तेव्हा खळ बाद.

सपाट कागदाला ग्लूस्टिक, उठावदार कामाला पांढरा गोंद, असं वाटून घेतलं. गोंद वाटीत नाही, बाटलीच्या झाकणात. एका झाकणात चहाच्या चमच्याचा पाव भाग, दोन मुलांत एक झाकण. ब्रशऐवजी बोट किंवा कान साफ करायची काडी. आणि थर नाही, ठिपके: मसुराच्या दाण्याएवढा एक ठिपका, तीन बोटं रुंदीच्या तुकड्याला दोन. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'थोडा लाव' म्हणून काही उमगत नाही. 'इथे एक मसूर, इथे एक मसूर' लगेच उमगतं. (डाळ वहीतून गेली ती अशी शब्दांत परत आली.)

महिनाभराचं काम

आठवड्याला दोन पानं, मंगळवारी आणि शुक्रवारी. एका वेळी ५-६ मुलं, चार गट, प्रत्येक गटाला वीसेक मिनिटं. पानाच्या मागे पेन्सिलीने नाव, पान क्रमांक आणि त्या मुलाचं चिन्ह, मासा, छत्री, पतंग असं काहीतरी. वाचता न येणारं मूल आपलं पान चिन्हावरून ओळखतं आणि मावशीही घाईत तेच बघतात.

पहिली दोन पानं फाडकामाची. इथेही तंतूंची दिशा कामाला येते. घोटीव कागद तंतूंच्या दिशेने फाडला तर सरळ पट्टी निघते, आडवा फाडला तर वेडावाकडा. लोकलच्या डब्यांसाठी बाईंनी पट्ट्या सरळ फाटतील अशा दिशेने तुकडे धरायला दिले. डोंगर आणि ढगांसाठी आडव्या. तिसऱ्या पानावर पतंगाचा पातळ कागद: पिवळ्यावर लाल अर्धा चढवला की मधला भाग केशरी दिसतो. हा कागद ग्लूस्टिकनेही फाटतो, म्हणून ग्लू पानावर लावायचा, कागदावर नाही. चौथं पान कात्रीचं, फक्त साडेचार वर्षांच्या वरच्यांसाठी. २ सेंमी रुंदीची पट्टी द्यायची, एका कचक्यात तुकडा पडला पाहिजे. त्याहून रुंद पट्टीला कात्री दोनदा चालवावी लागते आणि कागद मुडपतो. धाकट्यांनी तेच पान फाडून केलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

पाचवं डबलडेकर बसचं. मुंबईच्या रस्त्यांवर डबलडेकर १९३७ मध्ये आली. जुन्या डिझेल गाड्यांतली शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण नव्या विजेवरच्याही लालच आहेत, त्यामुळे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही. खिडक्या उघडणाऱ्या. सहाव्यावर पाऊस, म्हणजे पेन्सिलीवर गुंडाळून वळण दिलेल्या १ सेंमी पट्ट्या. सातव्यावर कागदी पंख्याचा मोर. आठवं पान खिशाचं: तीन बाजूंनी चिकटवलेला १२ सेंमी उंच कप्पा, ज्यात मुलाने घरून आणलेलं तिकीट, चॉकलेटचा कागद, काहीही ठेवावं.

वाळवण्याचे दोन मार्ग. सपाट पानं अर्धा तास पंख्याखाली, मग दोन्हीकडे बटर पेपर, त्यावर वर्तमानपत्र, वर पाट आणि पाटावर वजन. तासाने वर्तमानपत्र बदलायचं, कारण पहिल्याने ओल शोषलेली असते. मग रात्रभर. बटर पेपरऐवजी प्लास्टिक घालू नये, ओल आतच राहते. मोर आणि पावसाची पानं दाबता येत नाहीत; ती खोलीभर बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. चिमटा पट्टीच्या बाजूला लावायचा, नाहीतर पानावर वळ उमटतो. वाळलेली पानं कपाटात नाहीत, भिंतीपासून दूर, टेबलावर पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये. गणपतीची सुट्टी तिथेच काढली. वह्या पालकांच्या हातात द्यायचा दिवस दसऱ्याच्या पाटीपूजनावर ढकलला होता, त्यामुळे घाई नव्हती.

बांधणी सुट्टीनंतर. ऑफिसातलं साधं दोन भोकांचं पंच: भोकं ६ मिमीची, मध्यांत ८० मिमी अंतर, काठापासून १२ मिमी आत, म्हणजे बरोबर पट्टीच्या मध्यावर. एकेक पान वेगळं पंच करायचं, १७.७ च्या बाजूचा मध्य पंचाच्या मधल्या खुणेला लावून. खोक्याचा पुठ्ठा पंचात जात नाही; त्याला टोच्याने भोक पाडून पेन्सिल फिरवून मोठं करावं लागतं. हे मोठ्यांचं काम. मुखपृष्ठालाही ३ सेंमीवर दाबरेघ हवीच.

दोऱ्याऐवजी बुटाची लेस. तिचं टोक कडक असतं, चार वर्षांचं मूल स्वतः ओवतं. लेस मागून पुढे दोन्ही भोकांतून काढून वर सुरगाठ; साधारण ४० सेंमी लागते. गाठीनंतर टोकं दहा सेंमीहून लांब ठेवली नाहीत, लांब दोरी गळ्याशी नको. गाठ आवळून मारू नये. कचकन ओढली की खोक्याचा पुठ्ठा दबतो आणि मोजून मिळवलेली जाडी जाते.

यातही जे चुकलं

बसच्या खिडक्या आठवड्याभरातच निघू लागल्या. खिडक्या घोटीव कागदाच्या होत्या आणि घडी तंतूंना आडवी. दुसऱ्यांदा त्या कार्डशीटच्या केल्या, घडी तंतूंना समांतर, आणि मागून जुन्या सुती साडीची १ सेंमी पट्टी बिजागरीसारखी चिकटवली. त्या टिकल्या.

पाच पानं उलटी निघाली. मुलांनी पान फिरवून काम केलं होतं, पट्टी उजवीकडे ठेवून. पट्टी असूनही हे झालं, कारण डावी-उजवी या वयात कळत नाही. तेव्हापासून टेबलावर प्रत्येक मुलासमोर डावीकडे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला: पट्टी या पट्टीशेजारी. जी पाच होती ती तशीच बांधली. दोघांनी त्या पानापाशी वही उलटी धरून दाखवली आणि पालकांना ते खटकलंही नाही.

एका मुलीने सुरगाठ सोडून आपली पानं शेजारच्याच्या वहीत ओवली. मागची चिन्हं होती म्हणून निस्तरलं.

दसऱ्याला २२ वह्या मोजल्या तेव्हा बहुतेकांचा कणा १५ मिमीच्या आसपास आणि पुढची कडही तेवढीच भरली. दोन वह्यांची कड मात्र ३० मिमीपर्यंत फाकली होती. आठव्या पानाच्या खिशात एकाने लग्नपत्रिका घडी करून कोंबली होती, दुसऱ्याने बसची सतरा तिकिटं. खिसे रिकामे करायला दोघांचीही तयारी नव्हती. लेस सोडली, आठव्या पानाखाली खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पाच-पाच पट्ट्या घातल्या आणि पुन्हा बांधली.